मधल्या खोलीतले स्पीकर

आमच्या घरात दोन तऱ्हेचे स्पीकर आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. समोरच्या खोलीत टीव्हीशेजारी बाबांचे आहेत, दोन उंच डबे आणि त्यांच्यामधे जमिनीवर बसलेला एक जाडजूड बूफर. त्या बूफरवर आईने क्रोशाचा रुमाल टाकलाय आणि रुमालावर फुलदाणी ठेवलीय, त्यामुळे गाणं लागलं की प्लास्टिकची फुलं थरथरतात. मधल्या खोलीत, कॉम्प्युटरच्या दोन्ही अंगांना, माझे आहेत. बुटके, काळे, तोंडावर जाळीसुद्धा नसलेले. आमच्या गावात, अमडापुरात, त्यांना अजून कोणी चांगलं म्हटलेलं नाही.

आमच्या गल्लीतला मंडपवाला लग्नात डीजेही लावतो. तो एकदा खास हे स्पीकर बघायला आला. त्याने टेबलाखाली वाकून पाहिलं, मागे पाहिलं, पडदा सारून पाहिलं.

"ताई, याचा बूफर कुठं हाये?"

"बूफर नाही याले."

"मंग काऊन घेतले?"

तो वरातीत वाजवतो ते एक गाणं मी त्याच्याच मोबाईलवरून लावून दाखवलं. तो थोडा वेळ मान वाकडी करून ऐकत राहिला आणि त्याचा चेहराच उतरला. "गानं बिमार पडल्यावानी वाटू राह्यलं," तो म्हणाला. मला हसू आलं, पण माणूस चुकीचं बोलला नव्हता. गाणं मुळातच तसं होतं, कोणीतरी दाबून-चेपून फुगवलेलं, आणि त्याच्या डीजेवर ते झाकलं जात होतं. घरचे स्पीकर लग्नातल्या फोटोग्राफरसारखे असतात, दिसेल त्याला गोरं करून सोडतात. कामाचे स्पीकर म्हणजे आधारकार्डावरचा फोटो. आहे तसं दाखवतात, आणि ते कोणालाच आवडत नाही.

पुण्यात एका स्टुडिओत मी कित्येक वर्षं याच स्पीकरांपुढे बसून काम केलं. लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात आणि मी ती साफ करते. वाचणाऱ्याने मधेच ओढलेला श्वास, ओठांची चिकट पुटपुट, मागे सरकलेली खुर्ची, लांबून गेलेली रिक्षा, हे सगळं हुडकायचं आणि कापायचं. शेवटी एकदा ते साध्या, घरगुती स्पीकरवरही लावून बघायचं, कारण ऐकणारा तिथेच ऐकणार असतो. या कामाने माणसाचा कान बिघडतो. कोणी नुसतं ‘बरं आहे’ म्हणालं तरी त्याच्या घशात काय अडकलंय ते आधी ऐकू येतं. स्टुडिओत माझ्या या कानाचं फार कौतुक होतं. घरी आल्यावर याच कानाने मला खुंटीला बांधलं.

मागच्या हिवाळ्यात बाबांच्या अंगावरून वारं गेलं. हातपाय हळूहळू सावरले, काठी टेकत ते अंगणापर्यंत जाऊ लागले. जीभ मात्र रुसली ती रुसलीच. बोलण्यातली अक्षरं गळून पडली आणि नुसते स्वर उरले, ओले आणि लांबट. उजव्या हातात काठी धरता येई, पेन धरता येत नसे. डाव्या हाताने पाटीवर लिहून पाहिलं, पण जन्मभर मुलांच्या अक्षराला नावं ठेवलेल्या मास्तरांना स्वतःचं ते अक्षर बघवेना. त्यांनी पाटी भिरकावून दिली.

आणि हे कोणाच्या वाट्याला यावं! बाबा शाळेत मास्तर होते खरे, पण पंचक्रोशी त्यांना ओळखते ती लग्नातल्या माईकमुळे. आमच्याकडे अक्षता पडायच्या आधी आलेल्या मोठ्या पाहुण्यांची नावं माईकवरून घेऊन स्वागत करावं लागतं. बीबी गावचे मामा आधी की रोहिणखेडचे व्याही आधी, यावरून लोक पानावरून उठून जातात. बाबा ती नावं अशी काही गुंफत की प्रत्येकाला आपलंच नाव मानाने घेतल्यासारखं वाटे. नवरदेवाच्या वरातीला उशीर झाला तर तेवढा वेळ ते एकटे मांडव धरून ठेवत. त्या माणसाला आता पाणी मागता येत नव्हतं.

त्यात आईचे कान आधीपासूनच कमी. तिला पडलेलं भांडं ऐकू येतं, ट्रॅक्टर येतो, ढोल येतो; बोलण्यातलं मात्र अर्धंमुर्धं पोचतं. बुलढाण्याहून कानाचं मशीन आणलं होतं. "त्याच्यात भांडेच लय वाजतात," म्हणून तिने ते डबीत घालून देव्हाऱ्यामागे ठेवून दिलं. म्हणजे घरात एकाला सांगता येत नाही आणि एकीला ऐकू येत नाही. आईचं बोलणं बाबांना स्वच्छ ऐकू येई, त्या बाजूने अडचण नव्हती. अडचण होती ती बाबांचं आईपर्यंत पोचण्याची. आणि त्या वाटेवर मी उभी होते, कारण बाबांचं बोलणं घरात फक्त मला कळत होतं.

लोकांना याचं नवल वाटे. नवल कसलं त्यात? पडलेल्या अक्षराची जागा राहतेच. जीभ टाळूला लागायला निघते आणि अर्ध्यातून परत फिरते, त्या फिरण्याचाही एक आवाज असतो. असलेच आवाज मी इतकी वर्षं कापत आले होते, आता त्यांच्यावरून अर्थ लावत होते.

ठरलं असं होतं, की आईला कळण्याइतकं बाबांचं बोलणं साफ झालं की मी पुण्याला परत जायचं. स्टुडिओच्या मालकाने माझी खुर्ची राखून ठेवली होती. तोवर काम घरूनच करायचं. थोड्याच दिवसांचा तर प्रश्न आहे, असं म्हणत मी कॉम्प्युटर, स्पीकर, माईक सगळं गाडीत घालून आणलं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळी जवळ आली, तरी मी इथेच होते.

मधली खोली म्हणजे घराचं पोट. तिला एकच खिडकी, तीही शेजाऱ्याच्या गोठ्याकडे उघडणारी. आवाज येऊ नये म्हणून मी त्या खिडकीत जुनी गादी ठोकून बसवली, भिंतीला खिळे मारून घरातल्या सगळ्या गोधड्या टांगल्या, दाराला आतून सतरंजी लावली. काम चालू असताना पंखा बंद, कारण त्याची घरघर माझ्या स्पीकरांवर सगळ्यात आधी ऐकू येते. घामाने ओढणी भिजून जाई. मोबाईलला तिथे रेंज नाही. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय तेही कळत नसे. एवढं करून गाव आत यायचं ते यायचंच: टेकडीवरच्या देवीचा भोंगा, गोठ्यातली म्हैस, सोयाबीन निघायला लागलं तसं मळणीयंत्र. मालक फोनवर विचारी, "मागे हे काय घुमतंय?" आता काय सांगावं? गाव घुमतंय, म्हणावं?

सगळ्यांवर कडी म्हणजे आई. काम चालू आहे हे कळावं म्हणून मी दाराच्या कडीला लाल फडकं बांधून ठेवलं होतं. आईने ते हात पुसायला घेतलं. धाडकन दार उघडून ती उभी राही आणि म्हणे,

"काय म्हनू राह्यले पाह्य बरं तुहे बाबा?"

मी उठायचे. बाबांपाशी जायचे, ऐकायचे, मग आईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचे, "चष्मा पाह्यजे म्हनतात!" चष्मा हाती देऊन परत यावं, हेडफोन चढवावा, की पुन्हा दार. "आता काय म्हनू राह्यले?" मी आंघोळीला गेले तर दोघं माझी वाट बघत समोरासमोरच्या खुर्च्यांत बसून राहत. एकदा एक केबल आणायला चिखलीला निघाले होते, तर बसमध्ये फोन आला. आईने तो आधी बाबांच्या तोंडाशी धरला, मग स्वतःच्या कानाला लावला, आणि मी भर बसमध्ये ओरडले, "ताक आंबट हाये म्हनतात! दुसरं दे!" सगळी बस वळून बघायला लागली. कंडक्टरने तर विचारलं, कोणाच्या घरचं हो?

भांडणंही माझ्याच तोंडून व्हायची. वाचा गेल्यापासून बाबांची जीभ, गंमत बघा, पहिल्यापेक्षा तिखट झाली होती. ते म्हणत, इच्या माहेरचे सगळे असेच बिनडोक. मी ओरडून सांगे, "मामाले फोन कर म्हनतात." दुसऱ्याचं बोलणं साफ करायची हाताला सवयच होती, ती इथेही कामी येई. आई मान हलवून "करते" म्हणे आणि मी सुटले म्हणत मधल्या खोलीत परत जाई.

माझं लग्न झालेलं नाही. बिनलग्नाची लेक म्हणजे गावाच्या दृष्टीने रिकामी खोली, कोणीही सामान आणून टाकावं. "बरं झालं बाई तुहं लगन नाही झालं, नाही तं मायबापाचं कोनं केलं असतं?" असं एक मावशी माझ्या तोंडावर म्हणाली. मी तिला वर पोहे करून घातले. ती गेल्यावर मला इतकं रडू आलं की मधल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. निदान त्या एका गोष्टीला ती खोली चांगली होती, आतलं बाहेर जात नसे.

बुलढाण्याला बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी सांगितलं होतं, रोज थोडं बोलायला लावा, रेकॉर्ड करा आणि त्यांचं त्यांना ऐकवा. म्हणून रोज दुपारी जेवण झालं की बाबा माझ्या खुर्चीत येऊन बसत. समोर माझा माईक. तो लग्नातल्या माईकसारखा तोंडाला लावायचा नसतो, हातभर लांब ठेवला तरी खोलीतलं सगळं ओढून घेतो. बाबांना हे पटत नसे. ते त्याच्याकडे संशयाने बघत, घसा साफ करत आणि जन्मभर ज्या वाक्याने सुरुवात केली त्यानेच करत: सर्व पाहुणे मंडळींना नम्र विनंती. त्यातलं ‘सर्व’ निसटे, ‘नम्र’ निसटे. ‘पाहुणे’ थोडं हाती लागे.

झालेलं रेकॉर्डिंग आम्ही समोरच्या खोलीत ऐकत असू. तिथे बूफर बाबांच्या आवाजाला भरदार करी. स्वर घुमत आणि गळलेल्या अक्षरांच्या खाचा त्या घुमण्यात बुजून जात. आई टाळी वाजवून म्हणे, "आता साफ आलं!" मंडपवाला बसलेला असला तर तो म्हणे, "मास्तर, तुळशीचं लगन झालं की सीजन चालू. माईक तुमच्याच हाती देतो पाहा." बाबांचा चेहरा उजळे आणि ते माझ्याकडे बघत. त्यांना माहीत होतं की या घरात खरं काय ते मलाच कळतं. मी फुलदाणीकडे बघत असे. खरं तर मलाही तिथेच ऐकायला आवडायचं. साफ आलं म्हणजे मी सुटले.

मग मी तीच फाईल मधल्या खोलीत लावायचे. जिथे काल ‘स’ नव्हता तिथे आजही नव्हता. एकदा वेड्या आशेने आवाज वाढवला, तर बाबांचा दमच तेवढा मोठ्याने ऐकू आला. कुठल्या पट्टीतलं वाढवू, कुठलं कमी करू? जे माणसाच्या तोंडातून निघालंच नाही ते कोणतं मशीन वाढवणार? मी स्पीकर बंद केले आणि गोधड्यांकडे बघत बसले. हे असंच राहणार होतं आणि मीही इथेच राहणार होते. जीव इतका घुसमटला की खिडकीतली गादी उपटून फेकावी असं झालं. उपटून तरी काय दिसणार होतं? म्हैस.

दसरा होऊन गेला होता. एका दुपारी बाबा माईकसमोर बसलेले असताना कॉम्प्युटरवर मालकाचा निरोप आला, ताबडतोब फोन करा. नीट रेंज गच्चीवरच मिळते. "बाबा, पुन्याले फोन करून येते, तुमी बोला," असं सांगून मी वर गेले.

मालक भला माणूस. तो म्हणाला, दिवाळीनंतर नवी पुस्तकं सुरू होतायत. तुमच्या फायलींतून मागचं गाव काढण्यातच आमचा वेळ जातो. येत असाल तर खुर्ची तुमची, नाहीतर मला दुसरं कोणी बघावं लागेल. मी म्हणाले, कळवते. फोन संपल्यावरही खाली उतरायचं मन होईना. पलीकडच्या वावरात मळणी चालली होती, धूळ सरळ वर जात होती. बराच वेळ मी पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिले. खाली आले तेव्हा बाबा आपल्या पलंगावर जाऊन आडवे झाले होते आणि मधल्या खोलीत रेकॉर्डिंग आपलं चालूच होतं.

संध्याकाळी नेहमीसारखी फाईल समोरच्या खोलीत लावली. ‘पाहुणे मंडळींना’ झालं, आईने टाळी वाजवली आणि पुन्हा वाती वळायला लागली. पुढे नुसती घुमघुम सुरू झाली, लांब कुठे पिठाची गिरणी चालावी तशी. बाबांनी एकदम हात उडवला. बंद कर, बंद कर. दमले असतील, म्हणून मी बंद केलं.

मग ते पुढचं शेपूट कापून टाकावं म्हणून मधल्या खोलीत फाईल उघडली. कापण्याआधी ऐकायचं, ही कामाची शिस्त.

माझ्या स्पीकरांवर ती घुमघुम नव्हती. दार उघडलं. आईच्या बांगड्या वाजल्या. सतरंजीत पाय अडखळला. मग बाबा, माईककडून तोंड फिरवून, त्यांच्या त्या गळक्या स्वरांत म्हणाले, "पुन्याचा फोन हाये."

"हाव, पुन्याचाच असन," आई म्हणाली. "गच्चीवर गेली."

मी थांबवलं. मागे नेलं. पुन्हा लावलं. आईने ‘काय म्हनू राह्यले’ असं विचारलं नव्हतं. कोणाला विचारणार, मी तर वर होते. तिने कोणीही देतं तसं सरळ उत्तर दिलं होतं.

"तिले जाऊ दे आता," बाबा म्हणाले.

"जाईन." कापड ओढल्याचा आवाज आला, बहुतेक त्यांच्या खांद्यावरचा पंचा ती नीट करत होती. "मले तुमचं समजते हे तिले कळलं, तं उद्याच्या बसनं जाईन पोरगी."

"हे बरं नाही."

"नसन बरं. तुमीच तं म्हनलं होतं, राहू दे काई दिवस, घर भरल्यावानी वाटते."

"तवा म्हनलं होतं."

खुर्ची करकरली. मग आई खुदकन हसली. "अन् पोरगीबी कशी! परवा तुमी म्हनलं, तुह्या हातचं खाऊनच माह्यावरून वारं गेलं. तं हे काय सांगते मले? बाबा म्हनतात, तिखट कमी टाक!"

बाबाही हसले. त्यांचं हसणं लकव्याने बिघडलेलं नव्हतं, अगदी पहिल्यासारखं होतं. दोघं कितीतरी वेळ हसत होते, माझ्या खुर्चीपाशी, माझ्या गोधड्यांमधे, आणि मी वर टाकीला टेकून उभी होते.

आईला कसं कळत होतं ते मग माझ्या ध्यानात आलं. बोलण्यातली बारीक, टोकदार अक्षरं तिच्या कानांना कित्येक वर्षांपासून येतच नव्हती. ती बाबांना ओळखत आली होती ते स्वरांच्या चढउतारावरून, तोंडाच्या हालचालीवरून आणि दिवसाच्या कोणत्या वेळी त्यांना काय लागतं यावरून. बाबांचं जे हरवलं ते तिच्यापर्यंत कधी पोचतच नव्हतं. तिला त्यांचा आवाज होता तसाच येत होता. टाळी वाजवून ‘साफ आलं’ म्हणायची, ते खोटं नव्हतं.

मला राग आला. माझं वर्ष, माझी खुर्ची, आणि चिखलीच्या बसमधलं ते ताक! फसवलं म्हणावं तर दोन म्हातारी माणसं. नाही म्हणावं तर मी त्यांची कोण होते, करमणूक? आजवर निदान आजारपणामुळे मी इथे आहे असं म्हणता येत होतं. आता दार सताड उघडं होतं. बॅग भरायची आणि निघायचं. आणि तरीही मी घामाने भिजून त्या खुर्चीत बसून राहिले, कारण ‘घर भरल्यावानी वाटते’ हे वाक्य आईने ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी तिच्याशी ओरडूनच बोलायचे, आणि तीही माझ्याशी कधी हळू बोलत नसे. मला ते शेपूट कापवेना. फाईल तशीच ठेवली आणि पंखा लावला.

त्यानंतरही सगळं पूर्वीसारखंच चाललं. दार उघडे, "काय म्हनू राह्यले?" आणि मी उठे. फरक एवढाच, की बाबा बोलत असताना मी आता आईकडे बघायचे. त्यांचं वाक्य संपायच्या आत तिचा हात चष्म्याकडे निघालेला असे आणि मग काहीतरी आठवून मागे येई. इतके दिवस हे डोळ्यांसमोर होतं, मी ऐकण्यात गुंग होते. पुण्याला अजून काही कळवलं नव्हतं. मालकाचे निरोप येत होते आणि मी ते न उघडता ठेवत होते.

मग एका सकाळी आई अंगणात मेथी निवडत बसली होती. बाबा शेजारी खुर्चीत होते. मी कपडे वाळत घालत होते. बाबांनी काठी आपटून मला जवळ बोलावलं आणि एकेक शब्द ओढून काढत, आईसमोर, म्हणाले, "जाय तू. दिवाळीची वाट नको पाहू. आमचं आमी पाहू."

आईने मान वर केली नाही. तिची बोटं भराभर पानं खुडत होती.

"काय म्हनू राह्यले?" तिने विचारलं.

या वेळी मी त्यांचं बोलणं काही न कापता, जसंच्या तसं सांगितलं. वाकून, तिच्या कानाशी. "जाय म्हनतात मले. पुन्याले. आमचं आमी पाहू, म्हनतात."

"आईकू नाही आलं."

मी ओरडले. समोरच्या घरातली बाई दारात आली, एवढ्याने ओरडले. "मले जाऊ दे म्हनतात, आई!"

तिच्या हातातल्या जुडीची पानं संपली होती तरी ती नुसत्या काड्या चाचपत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते.

"आईकू नाही आलं मले," ती म्हणाली.

बाबा काठी दोन्ही हातांत धरून माझ्याकडे बघत होते. पुन्हा सांगायला त्यांचे ओठ हलायला लागले होते. मी त्यांच्याकडे पाठ केली.

"चहा मागतात," मी आईकडे बघत म्हणाले, अगदी हळू, जेमतेम माझं मला ऐकू येईल एवढ्यानं.

"हाव, ठेवते," आई म्हणाली आणि मेथी बाजूला सारून उठली.